व्हाइट रिमची वाट आणि हौद्यातला खण

शेफर ट्रेलच्या माथ्यावर एक पिकअप थांबते. चालक खाली उतरतो, तो मात्र देखावा बघायला नव्हे! आधी मागचा फाळका पाडतो, हौद्यातल्या लाकडी पेटीच्या चारही कोपऱ्यांना हात लावून बघतो, एखादी कडी जरा आवळतो आणि मगच पुढे निघतो. समोर सुमारे साडेचारशे मीटरची उतरण आहे. तीही कच्ची, नागमोडी आणि कठड्याविना.

हा अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मोआब गावाजवळचा कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा परिसर. वर सपाट पठार, तळाशी कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्या आणि मधल्या उंचीवर पांढरट वालुकाश्माची एक अवाढव्य पायरी. या पायरीच्या कडेकडेने जाणारी शंभर मैलांची, म्हणजे १६० किलोमीटरची वाट म्हणजे व्हाइट रिम रोड. १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधात निघालेल्यांसाठी हे रस्ते काढले गेले. युरेनियम फारसं हाती लागलं नाही, रस्ता तेवढा उरला! १९६४ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. आता परवाना काढून हौशी मंडळी येतात आणि दोन-तीन दिवस या वाटेवर घालवतात.

वाटेत पिण्याचं पाणी नाही, पेट्रोल नाही, दुकान तर नाहीच. माणशी रोजचं चार लिटर पाणी, शेगडी, धान्यधुन्य, हत्यारं, सगळं बरोबर न्यायचं. हे सामान हौद्यात नुसतं रचलं, तर चहाच्या डब्यासाठी गुडघ्यांवर रांगत आत शिरावं लागतं. म्हणून पिकअपवाले घरच्या घरी प्लायवूडची लांबलचक पेटी ठोकतात आणि तिच्यात सरकता खण बसवतात. फाळका पाडला, खण ओढला की अख्खं स्वयंपाकघर पुढ्यात!

बनवणं सोपं, खरी कसोटी ती हौद्यात जखडण्याची. भरलेली पेटी सहज दीडशे किलो भरते. अमेरिकेत व्यावसायिक मालट्रकांसाठी नियम आहे, की बांधलेल्या मालाने पुढच्या दिशेला वजनाच्या ८० टक्के आणि मागे व बाजूंना निम्मा जोर सोसला पाहिजे. खासगी पिकअपला हा नियम लागू नाही, पण हिशेब उपयोगी पडतो. दीडशे किलोची पेटी करकचून ब्रेक मारल्यावर १२० किलोच्या जोराने केबिनकडे धावणार. टक्कर झाली तर कितीतरी पट अधिक.

मग हौद्याला भोकं पाडून बोल्ट ठोकावेत का? अनेकजण ते टाळतात आणि ते योग्यच. पत्र्याखाली इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरी असू शकतात. शिवाय भोकाभोवती गंज धरतो तो वेगळाच. हौद्याच्या कोपऱ्यांत कंपनीने दिलेल्या कड्या असतात. पेटीच्या तळाशी आय-बोल्ट बसवायचे आणि मधे टर्नबकल, म्हणजे फिरवून ताणता येणारा लोखंडी दुवा. तो तिरका, खाली खेचणारा असावा. पेटी पुढेही जात नाही आणि उसळतही नाही. खाली रबरी चटई घातली की घसरण आणखी कमी. कापडी पट्टे हादऱ्यांनी सैल पडतात. टर्नबकलही आपोआप उलगडतात, म्हणून त्यांना तारेने किंवा जादा नटने अडकवून ठेवावं लागतं.

एवढ्याने भागत नाही. पेटी जखडली तरी आतला खण मोकळाच! शेफरच्या उतरणीवर तो केबिनकडे दबलेला असतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पुढे मर्फी हॉगबॅकचा उभा चढ लागतो, गाडीचं नाक आभाळाकडे जातं आणि सगळा भार फाळक्यावर येतो. तिथे साधी कपाटाची कडी टिकत नाही. खणाला दणकट खिटी हवी, आणि पूर्ण ओढल्यावर तो निखळू नये म्हणून आत वेगळा अडसर हवा.

मर्फी हॉगबॅकच्या माथ्यावर मुक्कामाच्या जागा आहेत. जाणकार चालक तिथे पोचल्यावर आधी बघतो, गाडी कुठल्या बाजूला कललीय. नाक वर असेल तर खिटी काढताच भरला खण नडगीवर येतो, खाली असेल तर आपोआप मिटून बोटं चेमटतो. चाकाखाली चपटा दगड सरकवून गाडी समतल झाली, की मग खिटी निघते आणि शेगडी बाहेर येते.