महाजन आधी बोलायचा

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावर आषाढ-श्रावण म्हणजे पोटाला चिमटा काढायचे महिने. जुनी ज्वारी सरलेली, नवी अजून शेतात. अशा दिवसांत शेजारच्या कोलामगुड्यात, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीत, चावडीवर बैठक बसे. महाजन म्हणजे गुड्यातला एक मानकरी; तो सगळ्यांसोबत भुईवरच बसायचा आणि पहिलं तोंड तोच उघडायचा. "माह्या घरची जवारी सरली गा. लेकरायले तरोट्याची भाजी उकडून देतो. अजून कोणाची सरली?" सांगताना त्याचा गळा दाटायचा. तो ते लपवत नसे. मग एकेक जण बोलू लागे. ज्याच्या कणगीत थोडं उरलं असेल तो पायलीभर काढून द्यायचा. मी लहान होतो, पण एवढं कळायचं की महाजनाने आपलं रितं घर आधी दाखवलं नसतं, तर बाकीचे अब्रूपायी उपाशी झोपले असते.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुष्कळ कुटुंबं या पहाडावर आली, त्यातलंच आमचं एक. आम्हा परक्यांनाही त्या चावडीवर जागा मिळाली, हे मी जन्मभर विसरणार नाही.

आज भूक तशी राहिली नाही. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण आता शेतकऱ्याला कर्ज झोपू देत नाही. पहाडावरच्या कितीतरी जमिनी वनजमिनीच्या वादात अडकल्या आहेत; पट्टा नाही म्हणून पीककर्ज नाही, म्हणून कापसाच्या बियाण्या-खतासाठी सावकार. किती घेतलं ते बायकोलाही ठाऊक नसतं. गडी माणूस पानठेल्यावर तासभर बसतो, सगळ्या जगाचं बोलतो आणि मनातलं तेवढं मनातच ठेवून घरी जातो. सरपंच-सदस्यही याच रानात कापूस लावतात, त्यांचीही झोप उडालेली असते. ग्रामसभेत मात्र ते फक्त योजना वाचून दाखवतात. पुढारीच बोलत नाही, तिथे बाकीच्यांनी कुणाच्या भरवशावर बोलावं?

तरी जुनं ते सगळं सोनं नव्हतं. त्या चावडीवर बायका नसायच्या. त्यांचं दुखणं पदराआडच राहायचं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या बायकांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचं दिसलं. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. इतक्या जणी इतकी वर्षं गप्प होत्या!

सगळ्यांचं ऐकून घेण्याची रीत मात्र जमू शकते. गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाने सर्वसहमतीची वाट धरली. कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्या या गावात बहुमताने निर्णय होत नाही. एकाचंही मन राजी नसेल तर पुन्हा बसायचं, त्याचं ऐकायचं. वेळ लागतो, पण अशाच एकजुटीवर गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला.

आमच्याकडे आता बायका बोलू लागल्या आहेत. परवा बचत गटाच्या बैठकीत अध्यक्ष बाईनेच सांगितलं, "यंदा माझाच हप्ता भरायला पैसे नाहीत." मागोमाग आणखी दोघींनी हात वर केला. गटाने तिघींना मुदत दिली. त्यातल्या एकीने घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, "तुमच्यावर किती हाय?" लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने खरा आकडा सांगितला. आकडा मोठा निघाला. यंदाचा कापूस कोणाला घालायचा आणि आधी कोणाचं फेडायचं, ते आता दोघं मिळून ठरवताहेत.