मुके पाय

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी आमच्या धर्मग्रामात बारा जणांचे पाय धुतले जातात. तीन वर्षांपूर्वी फादरांनी त्या बाराजणांत मलाही बसविले. संकोच वाटत होता. पण नाही म्हणवेना. घरी पाय स्वच्छ धुऊन, काळे मोजे आणि ठेवणीतले बूट चढवून मी निघालो. आमचे चर्च घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. माझी पाळी जवळ आली तसा मी उजवा बूट काढला, मोजा उतरविला, आणि पाण्याचा तांब्या धरून उभा असलेला वेदीसेवक मुलगा हळूच म्हणाला, “काका, रक्त!”

बुटाच्या तळातून एक बारीक खिळा वर आला होता. घरापासून चर्चपर्यंत आणि पुढे अर्धी मिस्सा होईतो तो माझ्या टाचेत रुतत होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. फादरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, दुसरा पाय पुढे करण्याची खूण केली आणि तो धुतला.

मधुमेह माझा बावीस वर्षांचा सोबती. रक्तातील साखर दीर्घकाळ चढती राहिली म्हणजे शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू आधी दुबळे होतात. आणि सर्वांत लांब ते पायांच्या बोटांपर्यंत जाणारे. आरंभी मला रात्री तळव्यांना मुंग्या येत, आग होई. पुढे ते सारे हळूहळू थांबले. औषध लागू पडले असे समजून मी आनंद मानला होता! पाय बरे झाले नव्हते, ते मुके झाले होते.

जखम भरून यावयास सात आठवडे लागले. त्या अवधीत डॉक्टरांनी एकदा मला डोळे मिटावयास सांगितले. नायलॉनचा एक धागा असतो. तो त्वचेवर टेकवून दाबला की १० ग्रॅम दाबाला वाकतो. स्पर्श जाणवेल तेव्हा ‘हो’ म्हणावयाचे. मी डोळे मिटून त्यांच्या आरंभाची वाट पाहत राहिलो. काही वेळाने ते म्हणाले, “झाले. उघडा डोळे.”

मग त्यांनीच मला डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी सांगितले. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या या शल्यविशारदाने तेथे कुष्ठरोग्यांवर उपचार केले. रोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे न जाणवलेल्या इजांनी ती झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. अशा रोग्यांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला प्रचारात आल्या. लोक त्यांना एम.सी.आर. चपला म्हणतात, आणि आज त्या मधुमेह्यांनाही देतात.

हे ऐकून मी कृतज्ञ व्हावयास हवे होते. खरे सांगावयाचे तर मला लाज वाटली. त्या चपला पायांत पाहून लोकांस काय वाटेल, हाच पहिला विचार मनात आला. आम्ही बेळगावकर. कोल्हापुरी चपला घडविणारे अथणी आमच्याच जिल्ह्यात. २०१९ साली त्या चपलांना जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही चार आहेत, आणि आमचा त्यांत एक. माझ्या वडिलांनी जन्मभर दुसरे पादत्राण घातले नाही. त्या चपलेत खिळा नसतो, सारी शिलाई चामड्याची, असा युक्तिवादही मी डॉक्टरांपुढे करून पाहिला. त्यांनी शांतपणे चप्पल हाती घेतली आणि अंगठा अडकविण्याची ती जागा बोटाने दाखविली. मुक्या पायाला नेमके तेथेच घासते. तळ कठीण, आणि मागे टाचेला पट्टा नाही. साधी रबरी चप्पल तर पायातून निसटली तरी आम्हांस कळत नाही!

शेवटी बूट घ्यावयाचे ठरले. दुकानातील मुलाने विचारले, “काका, कसे वाटतात?” मी म्हणालो, “छान.” पत्नी गप्प होती. तिने संध्याकाळची वेळ मुद्दाम निवडली होती, कारण दिवसाअखेर पाय थोडे सुजतात. तिने पिशवीतून खाकी कागदाचे दोन तुकडे काढले. घरी मला उभे करून, पेन्सिल फिरवून तिने माझ्या पावलांचा आकार कापून आणला होता. तो तिने बुटात सरकवला. कागदाच्या दोन्ही कडा वर वळल्या.

“अहो, हे छान?” ती म्हणाली.

मला छान वाटण्याचे कारण पुढे उमगले. बधिर पायाला योग्य मापाचा बूट ढिला भासतो. आवळणारा बूट तेवढा ‘जाणवतो’, म्हणून तोच बरा वाटतो. ज्या साक्षीदारावर आयुष्यभर विसंबलो, तोच आता खोटी साक्ष देत होता. त्या दिवशी चौथा जोड कागदाला पटला: पुढे रुंद, लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा, आत मऊ गादी, खाली तळ भक्कम, वर चिकटपट्टी. रूप म्हणाल तर यथातथाच. पहिले काही दिवस तो घरातल्या घरात तासभर घालावयाचा, काढावयाचा आणि कोठे लाली दिसते का ते पाहावयाचे. तळव्यांसाठी आरसा घेतला. मोजे आता पांढरे घालतो, रक्त लपू नये म्हणून.

मे महिन्यात अंगणातल्या फरशीवरदेखील अनवाणी जात नाही. कोल्हापुरी जोड मात्र मी टाकला नाही. थोरल्या मुलाच्या पायाला तो बसतो.

बूट घालण्यापूर्वी उपडा करून झटकावयाचा आणि आत हात फिरवावयाचा, हा आता रोजचा नेम आहे. गेल्या महिन्यात असाच हात घातला तेव्हा नातवाची गोटी हाती आली. तो धावत आला, ओशाळून उभा राहिला आणि म्हणाला, “आजोबा, टोचली का?”

“टोचली,” मी म्हणालो, “हाताला.”