दोन बोटे

कारकुनाला कोणतीही वस्तू तिच्या कागदांवाचून खरी वाटत नाही. दिल्लीत एका मंत्रालयात अकरा वर्षे टिपणे लिहून माझीही तीच गत झाली आहे. बदली होऊन दक्षिणेकडे निघालेल्या एका सहकाऱ्याची जुनी पेट्रोल गाडी मी घेतली, तेव्हा तिचे इंजिन मी पाहिलेच नाही. नोंदणी, विमा आणि दुरुस्तीच्या पावत्या तारीखवार लावलेली तिची फाइल पाहिली आणि प्रसन्न झालो. सौभाग्यवतीने मात्र मागच्या आसनावर बसून पाहिले आणि म्हणाली, "अण्णांना पाय लांब करता येईल." गाडी घेण्याचे कारण तेवढेच होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. एस. टी.च्या कऱ्हाड डेपोत त्यांची सारी नोकरी मेकॅनिक म्हणून झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. "त्यांना सगळे समजते, आठवतेही, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत," असे डॉक्टरांनी सांगितले. कऱ्हाडचे घर बंद करून मी त्यांना येथे आणले. आठवड्यातून तीन दिवस त्यांना व्यायामोपचारासाठी न्यावे लागते, आणि चाकांची खुर्ची दिसली की दिल्लीचा रिक्षावाला आकाशातील ढग मोजू लागतो.

जानेवारीतील एका धुकट सकाळी गाडी थरथरू लागली. थंडीचा परिणाम असेल, असे मी ठरवून टाकले. मागे अण्णांनी डावा हात उचलून दोन बोटे दाखवली. मला वाटले, दोन वाजता औषध घ्यायचे आहे, त्याची ते आठवण देत असावेत. "हो अण्णा, लक्षात आहे," मी म्हणालो. पुढच्या खेपेलाही तीच दोन बोटे, या वेळी जरा रागाने. मग मी खिडकीची काच दोन बोटे खाली केली. त्यांनी तोंड फिरवले. आठवडाभर हे चालले, आणि एका सकाळी गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसती घरघर.

मिस्त्रीने झाकण उघडले आणि तासाभराने निदान सांगितले. इंजिनाला तीन सिलिंडर, प्रत्येकावर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल. त्यांतील एक कॉइल आतल्या आत जळाली होती; म्हणून गाडी कित्येक दिवस दोनच सिलिंडरांवर चालत होती. "बाबूजी, कोणाच्याच लक्षात आले नाही?" त्याने विचारले. मी काय उत्तर देणार?

त्या जळक्या कॉइलने वाजवीपेक्षा अधिक वीज ओढून गाडीचा संगणकही जाळला होता. मिस्त्री त्याला 'ईसीएम' म्हणतात. पुस्तकाएवढी एक ॲल्युमिनियमची पेटी. तिच्यात वायरींचे जाडजूड जुडगे शिरलेले. १ एप्रिल २००० पासून दिल्लीत धुराचे कडक नियम आले, आणि पेट्रोल गाड्यांतला कार्बोरेटर जाऊन त्याचे काम अशा पेट्यांकडे आले. इंजिन किती तापले, हवा किती आली, धुरात प्राणवायू किती उरला, याच्या खबरा पेटीकडे येतात. त्यांवरून पेट्रोलची पिचकारी किती मिलिसेकंद उघडायची आणि ठिणगी कोणत्या क्षणी टाकायची, याचे हुकूम ती सोडते. आमच्या मंत्रालयात एवढ्या जलद हुकूम सुटले असते, तर मला एव्हाना बढती मिळाली असती.

नव्या पेटीची किंमत ऐकून मी खाली बसलो. महिन्याचा पगार तिला पुरला नसता. मग मी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. एका दुकानात अशा पेट्यांची उतरंडच रचलेली होती. हवा तो क्रमांक असलेली पेटी दुकानदाराने क्षणात काढून दिली. किंमतही अगदी थोडी. "कोणत्या गाडीतली?" मी विचारले. तो हसला. पावती मागितली, तेव्हा त्याने पेटी परत उतरंडीवर ठेवली. चोरीच्या गाडीचा मेंदू माझ्या गाडीत चालला असता, यात शंका नाही. पण वडिलांना त्या गाडीतून न्यायला माझे मन धजेना. शिवाय, परक्या गाडीची पेटी आपली किल्लीच ओळखत नाही. चोरीला आळा म्हणून किल्लीची खूण तिच्या स्मृतीत कोरलेली असते.

शेवटी मिस्त्रीने एका कारागिराचा पत्ता दिला. हा गृहस्थ जुन्या पेट्या उघडतो, जळलेले आणि थकलेले भाग बदलतो, टेबलावर खोटे इंजिन जोडून तासन्‌तास चाचणी घेतो आणि पेटी पुन्हा सीलबंद करतो. त्याची अट एकच : आपली जुनी पेटी त्याला द्यायची. हे ऐकताच सौभाग्यवती म्हणाली, "अहो, म्हणजे मोड घालून भांडे घेण्यासारखेच!" तीही वाईची, कासाराच्या दुकानात आईबरोबर फुटकी घागर घेऊन गेलेली.

कारागिराने माझ्यादेखत आमची पेटी उघडली. एके ठिकाणी हिरवा पत्रा काळा पडला होता. शेजारच्या आठ पायांच्या, मुंगळ्याएवढ्या तुकड्यावर चिमटा टेकवून तो म्हणाला, "स्मृती शाबूत आहे. हुकूम बाहेर जाण्याची वाट तेवढी जळली." मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. त्याला त्याचे कारण कळले नाही, आणि मीही सांगितले नाही. त्याने ती स्मृती दुसऱ्या पेटीत उतरवून दिली. पावतीवर बदललेल्या भागांची यादी, चाचणीची तारीख आणि सहा महिन्यांच्या हमीखाली स्वतःची सही केली. मी ती पावती दोनदा वाचली.

मिस्त्रीने आधी नवी कॉइल घातली. दोष तसाच ठेवून पेटी बदलली असती, तर तीही जळाली असती. मग पेटी बसवली. किल्ली फिरवली, तोच इंजिन लागले; मात्र बरेच चढ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी अण्णांना मागे बसवून मी गाडी सुरू केली आणि आरशात पाहत राहिलो. बराच वेळ ते मान कलती करून ऐकत होते. मग डावा हात वर आला : तीन बोटे. "तीन, अण्णा," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. परंतु हात खाली गेला नाही. अंगठा आणि बोट चिमटीत धरून त्यांनी हवेत एक स्क्रू हळूहळू फिरवला. डेपोत बसचे इंजिन चढे वाजू लागले की डिझेल पंपाचा स्क्रू ते असाच फिरवीत असत.

"याला स्क्रू नाही, अण्णा," मी म्हणालो. "चार दिवस चालली की पेटी आपली आपणच शिकते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत विश्वास मुळीच नव्हता. आम्ही फाटकाबाहेर पडलो, तरी चिमूट फिरतच होती.