मिठागरातले मनोरे

बोनेअर बेटाचं दक्षिण टोक म्हणजे नुसतं मिठागर. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं हे छोटंसं डच बेट. पाऊस बेताचा, वारा मात्र बाराही महिने पूर्वेकडून. त्या वाऱ्यानं दिवी-दिवीची झाडं कायमची पश्चिमेला कललेली. गुलाबी पाण्याची आगरं, मिठाचे पांढरेशुभ्र ढीग, उथळ पाण्यात चोच घालून चरणारे रोहित पक्षी, आणि या सगळ्याच्या जवळ ‘ट्रान्स वर्ल्ड रेडिओ’ या ख्रिस्ती संस्थेचे मनोरे. १९६४ पासून इथून मिडियम वेव्हवर शुभवर्तमान सांगितलं जातं.

मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातला, ना. वा. टिळकांची भजनं म्हणत वाढलेला. नोकरी सगळी आकाशवाणीच्या प्रक्षेपण केंद्रांवर झाली. बोनेअरला नवा ट्रान्समीटर बसवायला जाणकार हात हवेत असं कळलं, तेव्हा फार विचार केला नाही. पदरच्या पैशानं निघालो. या केंद्राची ताकद सुरुवातीला पाचशे किलोवॅट होती, पुढे ती शंभरावर आली होती. आता ती पुन्हा चारशेच्या वर न्यायची होती, म्हणजे क्यूबातल्या साध्या ट्रान्झिस्टरवरही आवाज स्वच्छ लागला असता.

मिठागरच का, हे तिथे उभं राहिल्यावर अंगात भिनतं. या केंद्राची ८०० किलोहर्ट्झची लहर ३७५ मीटर लांब. ती जमिनीला बिलगून जाते. कोरडी, खडकाळ जमीन तिला शोषून घेते, खारं पाणी मात्र दूरवर जाऊ देतं. जे मीठ नटबोल्ट खातं, इन्सुलेटरवर साचून ठिणग्या पाडतं, त्याच मिठामुळे आवाज समुद्रापार पोचतो. मला याचं आजही नवल वाटतं.

माझ्या वाट्याला अर्थिंगच्या तांब्याच्या पट्ट्या आल्या. हिरवा थर लालसर तांबं उघडं पडेपर्यंत घासायचा, फ्लक्स लावायचा आणि ज्योत धरायची. वारा ज्योत टिकू देईना, म्हणून एक सोबती पत्रा आडवा धरून उभा राहायचा. तांबं पुरेसं तापलं की ब्रेझिंगची कांडी एकाएकी पातळ होते आणि सांध्यात आपोआप ओढली जाते. तो क्षण पाहायला मिळावा म्हणून मी दिवसभर उन्हात राबलो असतो.

किनाऱ्यावर १८५० च्या सुमारास बांधलेल्या गुलामांच्या झोपड्या आहेत. दार इतकं ठेंगणं, की आत रांगतच जावं लागतं. मीठ काढणारी माणसं तिथे रात्री निजायची. १८६३ मध्ये ती मुक्त झाली. त्याच उन्हात, त्याच खाऱ्या वाऱ्यात आम्हीही मोबदल्याशिवाय राबत होतो; पण आम्ही स्वतःच्या मर्जीनं आलो होतो आणि मनात येईल तेव्हा परतू शकत होतो. त्या झोपडीत शिरल्यावर सेवा हा शब्द मला फार जपून उच्चारावासा वाटला.

२०१८ च्या जानेवारीत वाढीव ताकदीचं प्रक्षेपण रीतसर सुरू झालं. ऐकणाऱ्याला पट्टीवरचा सांधा दिसत नाही, दिसायची गरजही नाही.

आपल्याकडे मिडियम वेव्हचे ट्रान्समीटर एकेक करून बंद होत आहेत आणि ती विद्या जाणणारी माणसं निवृत्त होऊन घरी बसली आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : ज्या श्रद्धेवर, ज्या कामावर तुमचं मन असेल, तिथल्या केंद्राला पत्र लिहा. तुमचे हात अजून कोणाला तरी हवे आहेत.