निश्चलतेचा पुरावा

सिंहगड रस्त्यावर दुचाकीखाली येऊन मांडीचं हाड मोडलेला कुत्रा टेबलावर आयसोफ्लुरेनखाली निपचित पडलेला असतो, तेव्हा त्याला दुखत नाही असं आपण गृहीत धरतो. आपलं मोजमापच या समजुतीला खतपाणी घालतं. गॅसची ताकद ‘मॅक’मध्ये सांगतात: वेदना देणारा चिमटा किंवा छेद दिल्यावर निम्मी जनावरं हलत नाहीत, इतकं फुप्फुसातलं प्रमाण. कुत्र्यात आयसोफ्लुरेनसाठी ते साधारण 1.3 टक्के. म्हणजे मोजली जाते हालचाल, आणि निष्कर्ष काढला जातो वेदनेबद्दल. 1993 मध्ये अँटोग्निनी आणि श्वार्ट्झ यांनी शेळ्यांमध्ये आयसोफ्लुरेन मुख्यतः मेंदूलाच पोचेल अशी रक्ताभिसरणाची व्यवस्था केली. एरवी 1.2 टक्क्यांना स्थिर राहणारी शेळी स्थिर ठेवायला आता 2.9 टक्के लागले. याचा अर्थ, स्थिर राहणं हे बरंचसं मज्जारज्जूचं काम आहे. गॅस पायाला झटका देऊ देत नाही, पण जखमेचा निरोप वर जाणं तो पुरतं थांबवत नाही. मज्जारज्जू त्या माऱ्याने संवेदनशील होत राहतो, आणि काही मिनिटांत गॅस श्वासावाटे निघून गेला की सगळी थकबाकी एकदम वसूल होते.

म्हणून मला गॅसच्या जोडीला एपिड्यूरल मॉर्फीन, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सोडलेलं मॉर्फीन, हवं वाटतं. 1976 मध्ये याक्श आणि रुडी यांनी उंदरांच्या मज्जारज्जूभोवती थेट मॉर्फीनसारखं ओपिऑइड सोडून वेदना शमते हे दाखवलं. तिथे, मज्जारज्जूच्या पाठीकडच्या शिंगात (डॉर्सल हॉर्न), ओपिऑइडचे ग्राही (रिसेप्टर) आहेतच. कुत्र्याला दर किलोला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला दोन मिलिग्रॅम, कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्या मधल्या फटीतून. परिणाम यायला अर्धा ते एक तास लागतो, त्यामुळे केस काढतानाच सुई टाकलेली बरी. टिकतो बारा ते चोवीस तास. गॅस कमी लागतो, रक्तदाब कमी घसरतो, पण ‘गॅस वाचतो’ हा युक्तिवाद मला तरी दुय्यम वाटतो.

ब्युटोर्फेनॉलचं इंजेक्शन पुरेसं नाही का, असं विचारलं जातं. त्याचा वेदनाशामक परिणाम कुत्र्यात तासा-दोन तासांत ओसरतो. हाड जोडल्यावरची पहिली रात्र त्याहून खूप लांब असते. परवान्याची अडचण मात्र खरी आहे: 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याने मॉर्फीनचा साठा आणि नोंदी जाचक केल्या, 2014 च्या दुरुस्तीने थोडी वाट मोकळी केली, तरी छोट्या दवाखान्याला ते अजून जड जातं. शिवाय ही सुई सगळ्यांसाठी नाही. टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग असेल, रक्त गोठत नसेल, कटीच्या हाडांचा चुरा होऊन खुणाच सापडत नसतील, तर नकोच. मांजरात मज्जारज्जू आणखी मागेपर्यंत जातो, तिथे हात हलका हवा. श्वास मंदावू शकतो, लघवी तुंबू शकते. त्यामुळे रात्री श्वास मोजायचे आणि सकाळी, कुत्रा शेपटी हलवत असला तरी, मूत्राशय हाताने चाचपून पाहायचं.