न विचारलेला प्रश्न

छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुरा हा मोठा गजबजलेला भाग होय. पुस्तकांची दुकाने, भाजीवाल्यांच्या हाका आणि विद्यार्थ्यांची वर्दळ यांनी तेथील रस्ते फुललेले असतात. 1915 साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेचे आवार येथेच आहे. महात्मा फुले व सावित्रीबाई यांचा पुतळाही येथेच आहे.

जवळच्या खेड्यातील एक मुलगी या भागातील महाविद्यालयात शिकावयास येई. तिने समाजशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा घरी सर्वांना नवल वाटले. ‘‘समाज तर रोजच दिसतो, त्याचं शास्त्र ते कसलं?’’ असे म्हणून आजोबा हसले. क्षणभर तिलाही ते पटले.

एके दिवशी प्राध्यापकांनी वर्गात इरावती कर्वे यांची माहिती सांगितली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील या विदुषीने केवळ ग्रंथ वाचले नाहीत. लोकांत हिंडून त्यांची कुटुंबे, नातीगोती आणि आठवडी बाजारही अभ्यासिले. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला. एवढे सांगून प्राध्यापकांनी प्रत्येकाला प्रश्नावली दिली आणि चार स्त्रियांना भेटून ती भरून आणावयास सांगितली.

मुलगी रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या एका बाईजवळ बसली. ‘‘मावशी, तुम्ही किती शिकलात?’’

मेथीची जुडी बांधता बांधता बाई म्हणाली, ‘‘तिसरी. पुढं धाकट्या भावाला सांभाळायचं होतं.’’

दुसरीने जवळजवळ तेच सांगितले, तिसरीनेही तेच. तिघींची गावे निराळी, जाती निराळ्या. उत्तर मात्र एकच. तिघींचेही भाऊ पुढे शिकले होते. एकीचे असते, तर ते तिचे दुर्दैव म्हटले असते. पण तिघींचे दुर्दैव सारखेच कसे? ती समाजाची रीत होती. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर तिला सापडू लागले.

चौथी प्रश्नावली तिने घरीच भरावयास घेतली. ‘‘आई, तुझी शाळा कितवीत सुटली गं?’’

भाकरी थापणारा आईचा हात थांबला. ‘‘चौथीत. ‘पोरगी हुशार आहे,’ असं सांगायला गुरुजी घरी आले होते. पण तुझ्या मामाला शिकवायचं होतं ना!’’ थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.’’

ओसरीवर बसलेले आजोबा या वेळी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगी पुतळ्यापाशी थांबली. त्या दोघांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे तिने लहानपणीच पाठ केले होते. परंतु ती शाळा कोणासाठी होती, हे तिला आज उमगले. तिने प्रश्नावलीच्या शेवटी स्वतः एक प्रश्न लिहिला : ‘शाळा सुटली नसती, तर तुम्हांला काय शिकावेसे वाटले असते?’

संध्याकाळी तो प्रश्न घेऊन ती प्रथम आईकडे गेली.