मोगलीचा पत्ता : बोरिवली ईस्ट

रविवारी सकाळी आठ वाजता बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटवर उभं राहिलं की वाटतं, अर्धं वेस्टर्न सबर्ब इथेच आलंय. ट्रॅक पँटमधले काका, भाड्याच्या सायकलींभोवती घुटमळणारे कॉलेजवाले, कान्हेरीच्या बसची वाट बघणाऱ्या फॅमिलीज आणि काकडी, पेरू, चिंचा घेऊन बसलेल्या बायका. मी मात्र फिटनेससाठी गेलो नव्हतो. बरोबर आठ वर्षांचा भाचा होता आणि त्याला बगीरा बघायचा होता.

झालं असं, की आदल्या रात्री साहेबांनी लॅपटॉपवर एक जुना कार्टून पिक्चर बघितला. ‘मोगलीज ब्रदर्स’, 1976 चा. बग्ज बनीवाल्या चक जोन्सने अमेरिकेच्या सीबीएस चॅनेलसाठी ‘जंगल बुक’मधली पहिलीच गोष्ट घेऊन केलेला अर्ध्या तासाचा टीव्ही स्पेशल. रॉडी मॅकडॉवेल या एकाच माणसाने त्यात मोगलीपासून शेर खानपर्यंत सगळे पुरुष आवाज काढलेत. लांडग्यांच्या आईला तेवढा जून फोरेचा आवाज. त्याआधीच्या वर्षी जोन्सने किपलिंगच्याच ‘रिकी टिकी टावी’ आणि ‘द व्हाइट सील’ या गोष्टीही टीव्हीवर आणल्या होत्या. भाच्याला पिक्चर जाम आवडला. मी आपला ‘आमचा मोगली वेगळा होता’ म्हणून भाषण ठोकलं.

माझ्या वयाच्या मंडळींना सांगायला नको. 1993 च्या आसपास रविवारी सकाळी दूरदर्शन लावलं की मोगली. मूळ मालिका जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, 52 भागांची, 1989-90 मधली. पण आपल्याला ती कधी जपानी वाटलीच नाही. गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजचं म्युझिक आणि शेर खानला नाना पाटेकरांचा आवाज! (2016 च्या डिस्नेच्या सिनेमाच्या हिंदी डबिंगलाही नानाच हवे होते लोकांना. आणि मिळालेही.) गाण्यात चक्क ‘चड्डी’ हा शब्द, त्यामुळे शाळेच्या बसमध्ये ते दिवसातून दहा वेळा व्हायचं.

आमच्या कॉलनीतल्या पोरांना वाटायचं, हे जंगल कुठेतरी लांब असणार. पुस्तकात ते मध्य प्रदेशातल्या सिवनीचं आहे. गंमत म्हणजे किपलिंग सिवनीला कधी गेलाच नव्हता. त्याचा जन्म आपल्या मुंबईतला, 1865 चा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला, आणि ‘जंगल बुक’ 1894 मध्ये आलं तेव्हा तो राहायचा अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात. ‘मोगली’ म्हणजे बेडूक असं पुस्तकात दिलंय, पण कुठल्याच भाषेत तसा शब्द नाही. तो त्याने स्वतःच बनवला.

आमच्या वर्गात मात्र मोगली होता.

पार्कच्या आत, पाड्यावर राहणारा वारली मुलगा. सकाळी झाडीतून चालत यायचा, चपला हातात, पाय चिखलाने भरलेले. सिरियल सुरू झाली आणि आठवड्याच्या आत त्याचं नाव पडलं. कोणी पाडलं, हे मी इतकी वर्षं ‘आठवत नाही’ म्हणून टाळत आलोय. आठवतं. मीच. तो पाचवीपर्यंत होता, मग दिसला नाही. आम्ही विचारलंही नाही.

तर त्या रविवारी, मुलांची ट्रेन, बोटी वगैरे मागे टाकून आम्ही कान्हेरीच्या रस्त्याला लागलो. भाच्याची तक्रार सुरू. ‘मामा, इथे तर नुसती झाडंच आहेत.’ एका झाडाखाली स्टुलावर बसलेला माणूस हसला. पांढरी दाढी यायला लागलेली, डोक्याला गमछा, समोर टोपलीत करवंदं. मी करवंदं घेतली, पैसे दिले, आणि त्याने मला नावाने हाक मारली. आडनावासकट.

मला त्याचं खरं नाव लगेच आठवलं नाही. ओठांवर आलं ते दुसरंच. कसाबसा गिळला तो शब्द.

‘मोगली म्हण ना,’ तोच म्हणाला. ‘सगळे तेच म्हणायचे.’

भाच्याचे डोळे हे एवढे मोठे. ‘तुम्ही खरे मोगली?’

पुढचा तासभर आम्ही त्याच्याजवळच बसलो. कान्हेरी राहिली. (तुम्ही जाल तेव्हा राहू देऊ नका. शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि डोंगरात कोरलेली पाण्याची टाकी तर बघाच. फक्त सोमवारी जाऊ नका, पार्क बंद असतं.) त्याने सांगितलं, ती सिरियल त्यानेही बघितली होती. पाड्यावर टीव्ही नव्हता, कॉलनीत एकांच्या दारात उभं राहून. ‘मला पटलीच नाय रे. सगळे प्राणी बडबड बडबड करतात. जंगलात एवढं कोण बोलतं? आजी तर रात्री त्याचं नावपण घेऊ द्यायची नाय.’

‘त्याचं’ म्हणजे बिबट्याचं. वारल्यांचा वाघोबा. वाघबारशीला त्याला नैवेद्य असतो. भाच्याला मी समजावलं की बगीरा म्हणजे बिबट्याच, फक्त काळ्या रंगाचा. तशी आकडेवारीही माझ्याकडे तयार होती. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं हे जंगल, 2015 च्या कॅमेरा ट्रॅप पाहणीत पार्क आणि लगतच्या भागात 35 बिबटे, 2018 मध्ये 47. आपल्या मुलुंड, ठाणे, गोरेगावच्या टॉवर्सच्या मधोमध! शेर खान मात्र फक्त सफारीच्या बसमधून.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘आम्ही मोजत नाय. कुत्री भुंकायची थांबली की पोरांना आत घेतो.’

2004 च्या जूनमध्ये पार्कच्या कडेने बिबट्याच्या हल्ल्यांची लाटच आली होती, अनेक जीव गेले. तेव्हा पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. पुढे विद्या अत्रेयांसारख्या अभ्यासकांनी जुन्नरच्या कामातून दाखवून दिलं की एका जागचा बिबट्या उचलून दुसरीकडे सोडला की हल्ले कमी होत नाहीत, वाढतात. ज्याला आपला मुलूख माहीत असतो तो माणसाला चुकवून राहतो. 2011 पासून वनखात्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला, तो याच समजुतीवर : बिबट्या हटवायचा नाही, लोकांनी कचरा आवरायचा, अंधारात लहान मुलांना एकटं सोडायचं नाही.

हे मी सांगत असताना तो टोपलीतली करवंदं निवडत होता. ‘बिबट्याला हलवू नये, हे कळलं लोकांना,’ तो म्हणाला. ‘बरं झालं.’

मी गप्प. 1997 च्या हायकोर्टाच्या आदेशानंतर पार्कातल्या हजारो झोपड्या गेल्या, आणि तेव्हापासून जुन्या पाड्यांच्या पुनर्वसनाची चर्चाही अधूनमधून उठत राहिली. त्याच्याकडे दर काही वर्षांनी कोणीतरी येतं, घर मोजतं, कागद बघतं, जातं. कागदात त्याच्या आज्याचं नाव कुठे आहे ते शोधत तो कचेऱ्यांमध्ये फिरलाय. पाचवीनंतर शाळा का सुटली, तेही मी शेवटी विचारलं. बाप आजारी पडला होता. एवढंच. माझ्या नाव पाडण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे ऐकून हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचीच लाज वाटली.

‘सॉरी यार, ते नावाचं,’ मी म्हटलं. ऑफिसात मेल उशिरा गेल्यावर म्हणतो, त्याच आवाजात.

‘त्या पिक्चरात तोच हीरो होता की,’ तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

भाचा तेवढ्यात त्याच्याजवळ सरकला होता. ‘मग शेवटी मोगलीला माणसांत का पाठवतात?’

तो विचारात पडला. ‘आमच्या घरातली लाइट गेली होती वाटतं त्या रविवारी,’ म्हणाला. ‘म्हणजे त्या कॉलनीवाल्यांची. शेवटचा भाग मी बघितलाच नाय.’

निघताना त्याने भाच्याच्या खिशात मूठभर करवंदं जास्तीची घातली आणि त्याला स्वतःचं खरं नाव सांगितलं. परतीच्या रिक्षात भाचा ते नाव दोनदा पुटपुटला. मी मोबाइलमध्ये सेव्ह केलं, नंबरसकट. पुढच्या रविवारी पाड्यावर जेवायला बोलावलंय. अंधार पडायच्या आत निघायचं, या अटीवर.